डबा ठेवा अन् जा : कामांची रांग आणि सॉफ्टवेअरचं पाकीट



आजचा पाठ पुस्तकातला नाही. शाळेच्या एका जुन्या संगणकाने मला तो शिकवला. विषय ऐकायला अवघड आहे : युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकावर कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर, आणि ते पाकीटबंद करून सगळ्यांपर्यंत पोचवण्याचं काम. घाबरू नका. आपल्या वऱ्हाडातली पिठाची चक्की आणि बियाण्याची थैली ज्याला माहीत आहे, त्याला हा विषय अर्धा आधीच येतो.

सुरुवात कशी झाली

वर्गातल्या मुलांच्या कविता-वाचनाचे चाळीसेक व्हिडिओ माझ्याकडे होते. पालकांच्या ग्रुपवर पाठवायचे, पण प्रत्येक फाइल खूप मोठी. आमच्या शाळेत लिनक्सवर चालणारा एक जुना संगणक आहे. त्यावर व्हिडिओ लहान करायचं काम मी सुरू केलं. एक लावला, दुसरा लावला, मग म्हटलं एकदम दहा लावू. झालं! संगणक जागीच थांबला. माऊस हलेना, पडदा हलेना. शेवटी बटण दाबून बंद करावा लागला आणि दहाही फायली अर्धवट राहिल्या.

त्याच संध्याकाळी दळण घेऊन चक्कीवर गेले. आधीचे सात-आठ डबे रांगेत होते. चक्कीवाले काका म्हणाले, "मॅडम, उभ्या काहून राह्यता? डबा ठेवा अन् जा. सात वाजता घिऊन जाजा." मी डबा ठेवला, वर चिठ्ठी ठेवली आणि घरी आले. वाटेत लक्षात आलं, की आपण दुपारी दहाही डबे एकाच वेळी जात्यात ओतले होते.

भाग १ : रांग म्हणजे काय?

चक्कीवर माणूस रांगेत उभा राहत नाही, त्याचा डबा उभा राहतो. डब्यासोबत एक चिठ्ठी असते : कोणाचा, कोणतं धान्य, बारीक की जाडसर. चक्कीवाला एकेक डबा घेतो, दळतो आणि पीठ त्याच डब्यात भरून बाजूला ठेवतो. मालक तिथे असण्याची गरज नाही.

संगणकाच्या भाषेत याला 'बॅच' पद्धत म्हणतात. काम लिहून द्यायचं, रांगेत लावायचं आणि निघून जायचं. संगणकाला सवड झाली की तो ते काम करतो आणि उत्तर एका फाइलमध्ये ठेवतो. ही पद्धत फार जुनी आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला. त्या काळी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि आपली पाळी आली की उत्तराचा कागद न्यायचा. गठ्ठा म्हणजे डबाच!

युनिक्स घराण्यात यासाठी 'ॲट' आणि 'बॅच' या दोन जुन्या आज्ञा आहेत. 'ॲट'ला सांगायचं, "हे काम रात्री अकरा वाजता कर." 'बॅच'ला वेळ सांगायची नाही, फक्त म्हणायचं, "सवड झाली की कर." लिनक्सवरची 'बॅच' आज्ञा संगणकावरचा भार मोजते. तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला, की काम सुरू होतं. ही मर्यादा सहसा दीड असते. म्हणजे सरासरी दीड कामापेक्षा कमी ओझं असेल तेव्हा.

मला मात्र 'टास्क स्पूलर' नावाचं छोटं सॉफ्टवेअर सोयीचं वाटलं. नेहमीच्या आज्ञेच्या आधी टी-एस-पी ही तीन अक्षरं लिहायची, की ती आज्ञा रांगेत जाते. मुळात एका वेळी एकच काम चालतं. नुसतं टी-एस-पी लिहिलं तर रांग दिसते : कोणतं काम झालं, कोणतं चालू आहे, कोणतं थांबलंय. चाळीस व्हिडिओ लावले आणि शाळा सुटल्यावर घरी गेले. सकाळी येऊन पाहते तर सगळे तयार!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. टास्क स्पूलरची रांग संगणकाच्या चालू आठवणीत असते. लाइट गेली की रांगही गेली. 'ॲट' आणि 'बॅच'ची वाट पाहणारी कामं डिस्कवर फाइल म्हणून लिहिलेली असतात, लाइट आल्यावर ती पुन्हा सापडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा किती, हे मी सांगायला नको. म्हणून काम कोणत्या रांगेत लावायचं, तेही आधी पाहावं लागतं.

भाग २ : आपल्या मुरंब्यापासून 'परम'पर्यंत

ही झाली एका चक्कीची रांग. एकाच ठिकाणी शेकडो चक्क्या आणि हजारो डबे असतील तर?

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. अकोला आणि अमरावतीच्या मधे मूर्तिजापूर आहे. त्या तालुक्यातल्या मुरंबा गावी १९४६ साली डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू झालं. भटकर सरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यामागची कल्पना अशी : एक प्रचंड यंत्र करण्यापेक्षा अनेक लहान यंत्रं जोडायची आणि काम वाटून द्यायचं. आपल्याकडे सोंगणीला जसे मजूर लावतात तसं.

पण मजूर जास्त झाले की मुकादम लागतो. कोणाला कुठे पाठवायचं, कोण रिकामा आहे, कोणतं काम आधी, हे ठरवणारा. आजच्या महासंगणकांवर हा मुकादम म्हणजे रांग सांभाळणारं सॉफ्टवेअरच असतं. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसलेल्या 'परम ब्रह्म'वर 'स्लर्म' हा मुकादम आहे. स्लर्म अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास सुरू झालं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता आणि बदलता येतो.

संशोधक एक चिठ्ठी लिहितो : मला इतकी यंत्रं हवीत, इतकी मेमरी हवी, इतके तास लागतील. मुकादम ती रांगेत लावतो. मोठ्या कामासाठी वीस यंत्रं मोकळी व्हायची असतील, तर तोपर्यंत रिकाम्या असलेल्या यंत्रांवर तो लहान कामं बसवून घेतो. चक्कीवाले काकाही हेच करतात. पुढचं मोठं पोतं यायला वेळ असला, की मधेच कोणाचं किलोभर बेसन काढून देतात. यासाठी चिठ्ठीवरचा वेळेचा अंदाज खरा लागतो. स्लर्ममध्ये सांगितलेली वेळ संपली की काम बंद केलं जातं. उगीच खूप जास्त वेळ लिहिली, तर फटीत बसायची संधी जाते. म्हणजे कमी लिहिलं तरी नुकसान आणि फार जास्त लिहिलं तरी नुकसान.

भाग ३ : पाकीट कशासाठी?

आता पाठाचा मुख्य भाग. स्लर्म एका प्रयोगशाळेत तयार झालं. ते आपल्या संगणकावर कसं येतं?

सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर म्हणजे शास्त्रज्ञाच्या शेतातलं वाण. ते थेट प्रत्येकाच्या शेतात पोचत नाही. मधे बरीच माणसं असतात. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि १९७६ पासून महाबीजचं मुख्यालय. त्यामुळे हा प्रवास आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोरच होतो. पैदासकार बियाण्याला पिवळं लेबल, त्यापासूनच्या पायाभूत बियाण्याला पांढरं आणि त्यापासूनच्या प्रमाणित बियाण्याला निळं. थैलीवर पीक, वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता. प्रमाणित सोयाबीनची उगवणशक्ती निदान ७० टक्के हवी. औषध लावलेलं असेल, तर तसा इशाराही हवा.

'डेबियन' ही १९९३ साली सुरू झालेली लिनक्सची एक प्रणाली आहे. जगभरातले स्वयंसेवक ती चालवतात. तिच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पाकिटं आहेत. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे, आणि शाळांसाठीची 'एज्यु-बॉस'सुद्धा. म्हणून डेबियनचं उदाहरण घेऊ.

डेबियनच्या पाकिटावरही लेबल असतं : पाकिटाचं नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचं नाव आणि पत्ता, सोबत आणखी कोणती पाकिटं लागतील, कोणत्या पाकिटाशी जमणार नाही, आणि दोन ओळींत माहिती. आत तीन गोष्टी असतात : पाकिटाच्या प्रकाराची खूण, लेबल आणि खरा माल. पाकीट करणाऱ्याने परवाना तपासायचा, चुका दुरुस्त करायच्या, कोणती फाइल कुठे जाईल ते ठरवायचं आणि प्रत्येक बदलाची नोंद लिहायची. शेवटी डिजिटल सही. सही जुळली नाही, तर संगणक ते पाकीट घ्यायला नकार देतो.

रांगेचं पाकीट वेगळं का?

कॅल्क्युलेटरचं पाकीट करणं सोपं. टाकलं, चाललं. रांगेच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही, कारण ते इतरांची कामं हातात धरून बसलेलं असतं. चार अडचणी पाहा.

१. नाव. एकाच वर्गात दोन आर्यन असले तर आपण काय करतो? आडनाव लावतो. डेबियनमध्ये 'स्लर्म' नावाचं दुसरंच पाकीट आधीपासून होतं, नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं. म्हणून मुकादम स्लर्मला आधी प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचं आडनाव लावलं, पुढे ते बदलून 'डब्ल्यूएलएम' केलं, म्हणजे कामाचं ओझं सांभाळणारं. टास्क स्पूलरची मूळ आज्ञा टी-एस अशी दोनच अक्षरांची आहे. ते नाव दुसऱ्या एका साधनाने घेतलेलं, म्हणून डेबियनवर टी-एस-पी.

२. वाटणी. मुकादमाचं सामान मजुराच्या घरी कायले? म्हणून स्लर्मची वेगवेगळी पाकिटं केली आहेत : एक मुकादमाचं, एक काम करणाऱ्या यंत्राचं, एक चिठ्ठी देणाऱ्याचं, एक हिशोब ठेवणाऱ्याचं. ज्या यंत्राला जे लागतं तेवढंच तिथे.

३. ओळख. मुकादमाच्या नावाने भलत्यानेच हुकूम सोडला तर? यासाठी स्लर्म 'मंज' नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आधार घेतं. सगळ्या यंत्रांकडे एकच गुप्त किल्ली हवी आणि सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. इथे पाकीट करणाऱ्यापुढे मोठा प्रश्न येतो. किल्ली पाकिटातच घालून दिली तर काम सोपं होईल, पण मग ती जगातल्या सगळ्यांनाच माहीत होईल! म्हणून डेबियनचं पाकीट प्रत्येक संगणकावर नवी किल्ली तयार करतं. एकाच गटातल्या यंत्रांवर तीच किल्ली नेऊन ठेवायचं काम सांभाळणाऱ्या माणसाचं. सोय थोडी कमी झाली, पण कुलूप खरं राहिलं.

४. चालू रांग. ही सर्वांत नाजूक अडचण. नवी आवृत्ती आली, पाकीट बदललं आणि तीन दिवसांपासून वाट पाहणारी दोनशे कामं पुसली गेली तर? चक्कीचा पट्टा बदलताना लोकांचे डबे नालीत ओतून कसं चालेल? म्हणून युनिक्स घराण्यात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे. वाट पाहणाऱ्या वस्तूंसाठी 'व्हार'मधला 'स्पूल' हा कप्पा, माणसाने केलेल्या सेटिंगसाठी 'ईटीसी'. पाकीट बदललं तरी हे सांभाळायचं असतं. तुम्ही हाताने बदललेली सेटिंगची फाइल नव्या पाकिटात वेगळी असेल, तर डेबियन थांबून विचारतं : तुमची ठेवू की नवी घेऊ? तुम्ही नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच ठेवतं. स्लर्ममध्ये बदलाचा क्रमही ठरलेला आहे : आधी हिशोब ठेवणारा, मग मुकादम, मग काम करणारी यंत्रं. उलट केलं तर नव्याची भाषा जुन्याला कळत नाही.

खोटं लेबल

आपल्या भागात बोगस बियाण्याचं दुःख वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पेरणी होते, पाऊस होतो आणि तास रिकामं दिसतं. बियाण्याचे पैसे गेले ते गेलेच, पण हंगामही जातो. शेतकरी थैली उघडून दाणा न् दाणा तपासू शकत नाही, तो लेबलावर विश्वास ठेवतो.

सॉफ्टवेअरमध्येही असं घडलं आहे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. अनेक प्रणाली ते वापरतात. एका माणसाने बराच काळ चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग बिघडवलेला गठ्ठा बाहेर पाठवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने "असेल काहीतरी" म्हणून सोडलं नाही, मुळाशी गेला. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत तो माल पोचला होता, पण सगळ्यांना देण्याच्या पक्क्या आवृत्तीत गेला नव्हता. बियाणं आधी थोड्या वाफ्यात लावून पाहतात, तसंच हे.

वर्गात घ्यायची कृती (इयत्ता चौथी-पाचवी, वेळ ४० मिनिटं)

साहित्य : कागदाच्या चिठ्ठ्या, एक रिकामा डबा, एक लिफाफा, घड्याळ.

१. चार मुलं 'यंत्रं', एक 'मुकादम', बाकीची 'काम देणारी'.
२. प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची : नाव, काम (उदा. सातचा पाढा लिहिणे), किती यंत्रं हवीत, किती मिनिटं लागतील.
३. चिठ्ठी डब्यात टाकून जागेवर जाऊन बसायचं. मुकादमाजवळ उभं राहायचं नाही!
४. मुकादमाने क्रमाने कामं वाटायची. सांगितलेली वेळ संपली की काम थांबवायचं.
५. मधेच मुकादम बदला. नव्या मुकादमाने जुन्या चिठ्ठ्या न हरवता काम पुढे न्यायचं.
६. शेवटी या खेळाचं पाकीट करा. दुसऱ्या वर्गाला कोणालाही न विचारता खेळता यावं, असं सामान आणि सूचना लिफाफ्यात घाला. वर लेबल : काय आहे, सोबत काय लागेल, कोणी केलं.

सहावी पायरी गाळू नका, खरा पाठ तिथेच आहे. आमच्या पोट्ट्यांनी लिफाफा मोठ्या ऐटीत चौथीकडे पाठवला. पाचच मिनिटांत एक मुलगा परत आला : "मॅडम, घड्याळ कोन देईन? लिवलंच नाई!" वर्ग हसला. मग एका मुलीने लेबलावर लिहिलं, 'घड्याळ तुमचं लागेल', आणि खाली स्वतःचं नाव घातलं. का घातलं विचारलं तर म्हणाली, "मंग चुकलं त मलेच इचारतीन ना." पाकिटावर सांभाळणाऱ्याचं नाव का असतं, हे मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

स्वाध्याय

१. तुमच्या गावात माणूस निघून गेला तरी त्याचं काम रांगेत राहतं, अशी आणखी कोणती ठिकाणं आहेत?
२. सगळ्यांनीच "माझं काम अर्जंट" असं लिहिलं तर रांगेचं काय होईल?
३. घरातली बियाण्याची रिकामी थैली आणून तिच्यावरची माहिती वहीत उतरवा. कोणती ओळ नसती तर शेतकऱ्याचं नुकसान झालं असतं?
४. पालकांसाठी : मोबाइलवर ॲप घेताना ते कोणी तयार केलं आणि ते कशाकशाची परवानगी मागतं, हे मुलासोबत बसून वाचा.

शेवटी थोडंसं

मुलांना आपण सांगतो की संगणकात नवीन काहीतरी शोधा. चांगलंच आहे. पण दुसऱ्याने केलेलं नीट तपासून, लेबल लावून, चूक निघाली तर उत्तर द्यायला तयार राहून पुढे देणं हेही तेवढंच मोठं काम आहे. डेबियनमध्ये हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. वाचायची चिकाटी लागते आणि स्वतःचं नाव खाली लिहायची हिंमत लागते. मुरंब्यासारख्या गावातून निघालेला मुलगा 'परम'पर्यंत जाऊ शकतो, तर आपल्या शाळेतली मुलगी एखाद्या पाकिटाची सांभाळकर्ती का होऊ नये?

संध्याकाळी चक्कीवर गेलात तर डबा ठेवून निघताना क्षणभर थांबा आणि मुलाला विचारा, "आपण एवढ्या निर्धास्तपणे का चाललोय?" त्याचं उत्तर ऐका. ही कृती तुमच्या वर्गात घेतली, तर मुलांनी लेबलावर काय लिहायचं विसरलं तेही नक्की कळवा.